पंधरा मिनिटांचे चार प्रसंग

स्वतःला चावणाऱ्या, भिंतीवर डोकं आपटणाऱ्या मुलांबद्दल १९६०च्या दशकात अमेरिकेत मुख्य प्रश्न एकच होता: हे थांबवायचं कसं? कॅलिफोर्नियात इवार लोवास यांना दिसलं, की अशा वेळी मुलाला जवळ घेऊन समजावलं तर इजा वाढते. कारणाचा धागा हाती आला होता. पण १९६९च्या निबंधात त्यांनीच विजेचे झटकेही वापरले. झटक्याने वागणं चटकन थांबे, आणि माझ्या मते तिथेच घोटाळा होता. जे दामटून थांबवता येतं, त्याचं कारण शोधत कोण बसणार?

१९७७मध्ये एडवर्ड कार यांनी तोवरचे अभ्यास चाळून शक्यता मांडल्या: कुणी लक्ष मिळावं म्हणून असं करतं, कुणी नकोशा कामातून सुटण्यासाठी, कुणी त्या संवेदनेसाठीच, शिवाय शारीरिक कारणंही असू शकतात.

मुलागणिक कारण ताडून पाहायची रीत १९८२मध्ये बाल्टिमोरच्या केनेडी इन्स्टिट्यूटमधून आली. ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी विकासात मागे राहिलेली नऊ मुलं घेतली आणि प्रत्येकाला पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार प्रसंगांतून पुन्हा पुन्हा नेलं. एकात मोठं माणूस आपल्या कामात गुंतलेलं. मुलाने स्वतःला मारलं की ‘असं करू नकोस’ म्हणत खांद्यावर हात ठेवणार. दुसऱ्यात अभ्यास, मारलं की अभ्यास थोडा वेळ बंद. तिसऱ्यात मूल एकटं, खेळण्यांशिवाय. चौथ्यात खेळणी, कौतुक आणि कसलीच सक्ती नाही. हा चौथा प्रसंग वाटतो बिनकामाचा, पण बाकीचे तीन मोजायचे ते त्याच्याशीच ताडून. डॉक्टरांची तपासणी आधीच झालेली असे आणि इजा ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की सत्र थांबवलं जाई.

नऊपैकी सहा मुलांत इजा एका ठरावीक प्रसंगातच सातत्याने जास्त दिसली, आणि तो प्रसंग सगळ्यांचा एक नव्हता. म्हणजे दंगा करणाऱ्याला वर्गाबाहेर काढण्याची सरसकट शिक्षा अभ्यास टाळू पाहणाऱ्या मुलाला बक्षीसच ठरते!

१९८५मध्ये कार आणि मार्क ड्युरँड यांनी पुढचं पाऊल टाकलं. काम अवघड वाटणाऱ्या मुलाला ‘मला समजत नाही’ म्हणायला शिकवलं, लक्ष हवं असणाऱ्याला ‘माझं काम चांगलं चाललंय का?’ विचारायला. त्रासदायक वागणं कमी झालं. वाक्यांची अदलाबदल केली, तेव्हा मात्र झालं नाही.