मुक्कामाची बातमी

फ्रान्समध्ये दूरचित्रवाणीच्या वृत्तविभागात ‘ग्रां रिपोर्तेर’ नावाचा एक मानाचा हुद्दा आहे. कुठे युद्ध पेटलं, भूकंप झाला, राजवट कोसळली की ज्याला तातडीने रवाना केलं जातं, तो हा मुरलेला वार्ताहर. प्रेक्षक त्याला माईक हातात घेतलेला, पडद्यावरचा माणूस म्हणून ओळखतात. पण त्याचं घराणं पडद्याच्या कितीतरी आधीचं, छापील वृत्तपत्रांतलं आहे आणि त्याचा मूळपुरुष आहे आल्बेर लोंद्र.

लोंद्र १८८४ मध्ये व्हिशी गावात जन्मले. सप्टेंबर १९१४ मध्ये जर्मन तोफांनी रँसचं कॅथेड्रल पेटवलं, त्याचं वर्णन त्यांनी ‘ल मातँ’ या दैनिकात लिहिलं आणि त्यांचं नाव झालं. १९२३ मध्ये ते फ्रेंच गियानातल्या कायेनच्या काळ्या पाण्यावर गेले. कैद्यांमध्ये वावरून, त्यांच्याशी बोलून त्यांनी जी लेखमाला लिहिली, तिने फ्रान्स हादरला. त्या वसाहतीत नवे कैदी पाठवणं बंद व्हायला मात्र १९३८ उजाडलं. तोवर लोंद्र हयात नव्हते. १६ मे १९३२ रोजी चीनहून परतताना एडनच्या आखाताजवळ ‘जॉर्ज फिलिपार’ जहाजाला आग लागली, त्यात ते गेले. त्यांची मुलगी फ्लोरीझ हिने पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. फ्रेंच पत्रकारितेत त्याहून मोठा मान नाही.

लोंद्र यांची रीत साधी होती. जायचं, राहायचं, बघायचं आणि मगच लिहायचं. पुढचा सगळा इतिहास या चार क्रियापदांतल्या दुसऱ्या क्रियापदाचं काय झालं, याचा आहे.

पियेर साबाग यांनी २९ जून १९४९ रोजी फ्रान्सचं पहिलं दूरचित्रवाणी बातमीपत्र दाखवलं. दूरदेशीची बातमी तेव्हा चित्रफितीवर टिपली जाई, विमानाने पॅरिसला येई, तिथे धुतली आणि कापली जाई. परदेशी बातमीदारीला दूरचित्रवाणीवर खरं स्थान मिळालं ते ९ जानेवारी १९५९ रोजी, ‘सँक कोलोन आ ला युन’ या मासिक कार्यक्रमामुळे. तो सुरू करणारे पियेर लाझारेफ स्वतः वृत्तपत्रातले संपादक होते. पहिल्याच भागात अल्जीरियात लढणारा एक फ्रेंच सार्जंट घराघरांत दिसला. सरकार ज्याला युद्ध म्हणायला तयार नव्हतं, त्या युद्धाला त्या रात्री चेहरा मिळाला. दूरचित्रवाणी तेव्हा पूर्णपणे सरकारच्या हातात होती. त्या मर्यादेतही हे घडलं, कारण वार्ताहरांच्या हाताशी महिनाभराचा अवधी होता.

याच कार्यक्रमासाठी पियेर शेंदरफेर १९६६ मध्ये व्हिएतनामला गेले. हे एके काळी फ्रेंच सैन्याचे कॅमेरामन. १९५४ मध्ये व्हिएतनाममधला दिएन बिएन फूचा फ्रेंच तळ पडला तेव्हा ते शत्रूच्या कैदेत सापडले होते. आता ते अमेरिकी सैन्याच्या एका तुकडीबरोबर काही आठवडे राहिले. तुकडीचा प्रमुख अँडरसन हा कृष्णवर्णीय तरुण अधिकारी होता. चिखल, पाऊस, थकवा, मृत्यू हे सगळं त्यांनी तुकडीबरोबर चालत टिपलं. ‘ला सेक्सियाँ अँडरसन’ या त्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं.

पुढे तंत्र बदललं. जुलै १९६२ मध्येच टेलस्टार उपग्रहाने अमेरिकेतलं चित्र ब्रिटनीमधल्या प्लमर-बोदू केंद्रात उतरवलं होतं. ऐंशीच्या दशकापर्यंत चित्रफितीची जागा व्हिडिओने घेतली. सरकारी महामंडळही १९७४ अखेर मोडलं आणि त्यातून निघालेल्या वाहिन्यांमध्ये चढाओढ सुरू झाली. बातमी त्याच संध्याकाळी पाहिजे, हा आग्रह आला.

मार्च १९८६ मध्ये आंतेन २ वाहिनीची चौघांची तुकडी बैरूतला गेली ती याच धावपळीत. लेबनॉनमध्ये ओलीस असलेले फ्रेंच संशोधक मिशेल स्यूरा मरण पावल्याचं अपहरणकर्त्यांनी नुकतंच जाहीर केलं होतं. ८ मार्चला या चौघांनाच पळवलं गेलं. वार्ताहर फिलिप रोशो आणि कॅमेरामन जॉर्ज हान्सेन जूनमध्ये सुटले, ध्वनिमुद्रक ऑरेल कोर्नेआ डिसेंबरमध्ये आणि प्रकाशयोजना पाहणारे जाँ-लुई नॉर्मांदँ थेट नोव्हेंबर १९८७ मध्ये. त्या काळात आंतेन २ रोजच्या बातमीपत्रात ओलिसांची आठवण देत राहिली. बातमीमागे वार्ताहराबरोबर आणखी तीन माणसं उभी असतात, हे प्रेक्षकांना तेव्हा प्रथमच इतक्या जवळून कळलं. रोशो यांना १९८६ मध्येच आल्बेर लोंद्र पुरस्कार मिळाला. पुढे ते बेजिंगला आणि नंतर बर्लिनला वाहिनीचे निवासी वार्ताहर झाले. एका देशात वर्षानुवर्षं राहून बातमी देण्याची ही नेमणूक म्हणजे लोंद्र यांच्या रीतीचाच वारसा.

मुक्काम सुटला की काय होतं, हे डिसेंबर १९८९ मध्ये दिसलं. रोमानियातल्या क्रांतीच्या वेळी टिमिशोआरा इथे हजारोंची कत्तल झाल्याचा पुरावा म्हणून प्रेतांची रांग दाखवली गेली. फ्रेंच वाहिन्यांनी ती पडताळणीविना प्रसारित केली. ती प्रेतं गरिबांच्या दफनभूमीतून उकरून काढलेली होती. शहरात गोळीबार आणि बळी खरेच होते, पण खोट्या चित्राने खऱ्या बळींवरही संशयाची सावली पाडली. त्याच क्रांतीचं वार्तांकन करताना ला सँक वाहिनीचे जाँ-लुई काल्देरोन बुखारेस्टमध्ये रणगाड्याखाली चिरडले गेले. एकीकडे न तपासता दाखवलेलं चित्र आणि दुसरीकडे प्रत्यक्ष जागी उभं राहिल्याची किंमत, दोन्ही एकाच आठवड्यात.

ही किंमत पुढेही मोजली गेली. आल्बेर लोंद्र पुरस्कार आधीच मिळवलेले फ्रान्स २ वाहिनीचे जिल जाकिए ११ जानेवारी २०१२ रोजी सीरियात होम्स इथे मारले गेले. अफगाणिस्तानात पकडलेले फ्रान्स ३चे एर्वे गेस्कियेर आणि स्तेफान तापोनिये ५४७ दिवसांनी, जून २०११ मध्ये सुटले.

आज मोबाइलवरून कोणीही क्षणात चित्र पाठवतो, म्हणून असा वार्ताहर कशाला हवा, असं विचारलं जातं. इतिहास याचं स्पष्ट उत्तर देतो. चित्र पोहोचवणं हे त्याचं काम कधीच नव्हतं. चित्रातली माणसं कोण, ती तिथे कशी आली, कोणाच्या सांगण्यावरून उभी आहेत, हे राहून, विचारून, ताडून सांगणं हे त्याचं काम. म्हणून परदेशातली निवासी कार्यालयं बंद करून वाहिन्या जो पैसा वाचवतात, त्याची भरपाई प्रेक्षकाला अज्ञानाने करावी लागते. आपणही जगाची बातमी पाहताना एक प्रश्न विचारायला शिकलं पाहिजे: सांगणारा तिथे किती दिवस राहिला आहे?