सांबराची शिंगे दरवर्षी गळतात का? एका जुन्या वादाची आणि शिकारबंदीच्या काळातील वहीची कथा

१/ सांताक्रूझ स्थानक १८८८ साली सुरू झाले, तेव्हा साष्टी बेटाचा हा भाग भातखाचरांचा आणि वाड्या-पाखाड्यांचा होता. गावाच्या पूर्वेकडून वाहणारी मिठी नदी विहार तलावाच्या अंगाने येते. त्या तलावाभोवतीच्या डोंगरांत चितळ, सांबर आणि भेकर होते आणि आजही आहेत. पुढील कथा या हरणांच्या शिंगांची, आणि त्याहून अधिक त्यांच्याविषयी ठेवलेल्या नोंदींची आहे.

२/ त्या काळातील शिकाऱ्यांमध्ये एक वाद रंगत असे: सांबर नराची शिंगे दरवर्षी गळतात, की काही वर्षांनी एकदाच? मध्य व पश्चिम भारतात वर्षानुवर्षे शिकार केलेले अनुभवी लोकही ‘दरवर्षी गळत नाहीत’ असे ठामपणे सांगत. आयुष्य जंगलात घालवलेल्या माणसांना इतकी साधी गोष्ट निश्चित का सांगता येत नव्हती, हाच खरा कुतूहलाचा विषय आहे.

३/ प्रथम शिंगांतील फरक. काळवीट किंवा चिंकारा यांची शिंगे कायमची असतात. आत हाड आणि वर कठीण आवरण. ती गळत नाहीत. सांबर, चितळ, बारशिंगा, भेकर हे सारंगकुळातील प्राणी. त्यांच्या नरांची शिंगे निव्वळ हाडाची असतात. ती गळतात, नवी फुटतात, वाढीच्या काळात त्यांच्यावर मखमलीसारखी लुसलुशीत त्वचा असते. वाढ पुरी झाली की नर ती झाडांवर घासून काढतो.

४/ शिकाऱ्याला हवे असे ते पूर्ण वाढलेले, कठीण, टोकदार शिंग. ते हिवाळ्यात मिळे. पावसाळ्यात रान दाट, वाटा बंद, हिवतापाची भीती. त्या दिवसांत छावण्या उठत. परिणामी मखमली शिंगांचा नर शिकाऱ्याच्या नजरेस क्वचितच पडे, आणि पडला तरी त्याच्या वहीत त्याला जागा नसे.

५/ ती वही कशी होती, हे लंडनच्या रोलंड वॉर्ड यांच्या प्रसिद्ध विक्रमग्रंथावरून कळते. त्याची पहिली आवृत्ती १८९२ साली निघाली. शिंगाची लांबी, घेर, शाखांची संख्या, ठिकाण, मालकाचे नाव असे त्यातील रकाने. माद्या नाहीत, पाडसे नाहीत, जिवंत सुटलेला नर नाही. अशा शेकडो नोंदी एकत्र केल्या तरी शिंग कधी गळले याचे उत्तर त्यांतून निघणार नव्हते.

६/ नोंदींचा दुसरा प्रवाह मुंबईतच सुरू झाला. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ जण जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे होते. हेतू साधा होता: प्राण्यांविषयीची टिपणे आणि निरीक्षणे एकमेकांना सांगावी, नमुने दाखवावे.

७/ १८८६ पासून संस्थेचे नियतकालिक निघू लागले. त्याची संकीर्ण टिपणे आजही वाचनीय आहेत. जंगल खात्यातील अधिकारी, रेल्वेचे अभियंते, लष्करी अधिकारी, डॉक्टर अशा लोकांनी पाहिलेले चार-दहा ओळींत कळवावे, आणि दुसऱ्या कोणी आपल्या प्रदेशातील अनुभवाने त्याचे समर्थन वा खंडन करावे. एकट्याच्या आठवणीला येथे प्रथमच दुसऱ्याच्या नोंदीशी सामना करावा लागला.

८/ सांबराच्या प्रश्नाला कोणती नोंद उपयोगी पडली असती? रानात सापडलेले शिंग पाहा. बुडाशी खडबडीत, किंचित फुगीर गाठ असेल तर ते आपोआप गळलेले. कवटीचा तुकडा चिकटलेला असेल तर प्राणी मेलेला. पण गळलेले शिंग कोणत्या नराचे, ते कोणत्या महिन्यात पडले, हे त्या शिंगावर लिहिलेले नसते. त्यासाठी तोच पाणवठा, तीच पायवाट वर्षभर पाहावी लागते. विशेषतः बंदूक घरी असताना.

९/ म्हणजे दिनांक, वेळ, स्थळ, नर किती, माद्या किती, पाडसे किती, प्रत्येक नराचे शिंग कठीण, मखमली की गळलेले, खुरांचे ठसे ताजे की जुने, लेंड्या कोठे, झाडाची साल कोठे घासलेली. याच सुमारास अमेरिकेत जोसेफ ग्रिनेल यांनी बर्कली येथील संग्रहालयात (स्थापना १९०८) अशा नोंदींना शिस्त लावली: रोजची दैनंदिनी वेगळी, प्रत्येक जातीची पाने वेगळी, नमुन्यांची यादी वेगळी. एखाद्या जातीविषयी विचारायचे झाल्यास साऱ्या दैनंदिन्या उलटाव्या लागू नयेत, ही त्यामागची व्यवहारबुद्धी.

१०/ भारतात तशी शिस्त सस्तन प्राण्यांच्या सर्वेक्षणाने आणली. सोसायटीने ते १९११ साली हाती घेतले आणि पहिला संग्रह झाला तो खानदेशात. ठिकाण, दिनांक, नर की मादी, मोजमापे यांची चिठ्ठी प्रत्येक नमुन्याला बांधलेली असे. नमुना कितीही देखणा असला, तरी चिठ्ठी नसेल तर अभ्यासाच्या दृष्टीने तो जवळजवळ निरुपयोगी ठरे.

११/ या साऱ्या वह्यांत एक मोठी उणीव राहिली. वर्षभर रानात राहणारी माणसे निराळीच होती: ठाकर, कातकरी, वारली, भिल्ल, कोरकू, गोंड, फासेपारधी. माग काढणे, ठशावरून काळ सांगणे ही विद्या त्यांची. साहेबांच्या पुस्तकांत मात्र त्यांचा उल्लेख बहुधा ‘वाटाड्या’ किंवा ‘शिकारी’ एवढाच येतो. मराठीत हे ऋण मारुती चितमपल्ली यांनी फेडण्याचा प्रयत्न केला. वनखात्यातील नोकरीत त्यांनी आदिवासींकडून प्राण्यांची नावे आणि संकेत टिपले, आणि ते त्यांच्या लेखनात व कोशांत उतरले.

१२/ नोंदी साठत गेल्या तसे वादाचे उत्तरही स्पष्ट झाले. मध्य व पश्चिम भारतात सांबराची शिंगे साधारणतः दरवर्षी, बहुधा मार्च ते मे या काळात गळतात. पावसाळ्यात नवी शिंगे मखमलीत वाढतात आणि हिवाळ्याच्या तोंडाशी कठीण होतात. काही नर या वेळापत्रकाला चुकतात. तेवढेच अपवाद लक्षात राहिले, की ‘दरवर्षी गळत नाहीत’ हा समज दृढ होतो.

१३/ चितळाचे गणित आणखी वेगळे निघाले. जॉर्ज शॅलर यांनी १९६३ ते १९६५ या काळात कान्ह्याच्या जंगलात हरणांचा आणि वाघांचा अभ्यास केला. ‘द डिअर अँड द टायगर’ हा त्यांचा ग्रंथ १९६७ साली आला. तेथे मारणे नव्हते. होते ते कळप मोजणे, नरांच्या शिंगांची अवस्था टिपणे, आणि पुढल्या महिन्यात पुन्हा तेच. चितळाच्या सर्व नरांची शिंगे एका वेळी गळत नाहीत. एकाच कळपात एक नर कठीण शिंगांचा आणि दुसरा मखमली शिंगांचा असू शकतो.

१४/ या ज्ञानाचा कायद्याशी थेट संबंध होता. १९१२ च्या कायद्याने हरणांसह अनेक प्राण्यांसाठी शिकारबंदीचा काळ जाहीर करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला होता. पण कोणता काळ? चुकीचे महिने निवडले तर बंदी कागदावरच राहणार. स्वतंत्र भारतात मुंबई राज्याचा वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षण कायदा १९५१ साली झाला. त्यासाठी झटणाऱ्यांत हुमायून अब्दुलअली आघाडीवर होते. ते स्वतः बंदूक चालवणारे आणि तितक्याच काटेकोरपणे नोंदी ठेवणारे. सालिम अली यांच्यासह त्यांनी मुंबई आणि साष्टीच्या पक्ष्यांची यादी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली होती. सांताक्रूझचा परिसर त्याच साष्टीत येतो.

१५/ पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्याच्या मूळ मसुद्यातील तीन कलमे येथे एकत्र वाचावीत. कलम १०: परवानाधारकाने मारलेल्या वा पकडलेल्या प्राण्यांची नोंद ठेवावी. कलम १५: विशेष परवान्याविना पिल्ले, माद्या आणि मखमली शिंगांचे हरीण यांची शिकार करू नये. कलम १६: शिकारबंदीचा काळ जाहीर करता येईल. शिकाऱ्याच्या जुन्या वहीत ज्याला रकानाच नव्हता, तो मखमली शिंगांचा नर आता देशाच्या कायद्यात नावानिशी उभा होता. महिन्यांची बंदी चितळाला अपुरी पडते. शिंगाची अवस्था पाहून घातलेली बंदी प्रत्येक नराला लागू होते.

१६/ १९९१ च्या दुरुस्तीने ही तिन्ही कलमे वगळली. कारण उलटे आहे: परवान्याने होणारी शिकारच संपुष्टात आली, त्यामुळे शिकारीचा काळ आणि बंदीचा काळ असा भेद उरला नाही. हरणांसाठी आता बारा महिने बंदीचे.

१७/ नोंदवही मात्र संपली नाही. आज वनरक्षक ठरलेल्या सरळ रेषेवरून चालतो. हरीण दिसले की जात, संख्या, अंतर आणि कोन टिपतो. त्या रेषेवर काहीच दिसले नाही, तर तेही लिहितो. जुन्या शिकाऱ्याने रिकाम्या हाताने परतलेला दिवस वहीत क्वचितच लिहिला. म्हणूनच हरणे केव्हा कमी होऊ लागली, हे त्याच्या वहीतून कळत नाही. किती चाललो आणि किती वेळा काहीच दिसले नाही, हे ठाऊक असेल तरच घट वेळेवर लक्षात येते.

१८/ मुंबई आणि ठाण्याच्या मधोमध सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. विहारचे डोंगर त्याच रानाचा भाग. तेथील चितळ आणि सांबर हे बिबट्याचे नैसर्गिक भक्ष्य. ते किती आहेत यावर बिबट्या रानात पोट भरेल की वस्तीतील कुत्र्यांकडे वळेल, हे बऱ्याच अंशी ठरते. मिठीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या सांताक्रूझकरांना हे रान दूरचे वाटेल. पण जून-जुलैत त्या रानातला सांबर नर मखमली शिंगे घेऊन उभा असतो, आणि त्याची नोंद कोणीतरी भिजत, दिनांक घालून करावी लागते.