साष्टींतील घरभाड्याचे कागद

सनदा व महजर जिवापाड जपणारे संग्राहक भाडेपावतीकडे सहसा ढुंकूनहि पाहत नाहींत. आमच्या मतें ही उपेक्षा अनाठायीं आहे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड हीं आजचीं उपनगरें जुन्या साष्टींतलीं होत. तेथें पुष्कळ ठिकाणीं जमिनीचा धनी एक, इमारतीचा दुसरा व राहणारा तिसराच. हा गुंता असल्या कागदांवांचून उकलत नाहीं.

साष्टी मराठ्यांकडून १७७४ त इंग्रजांकडे गेली. पुढें कंपनीनें गांवेंच्या गांवें मक्त्यानें वा सनदेनें दिलीं. पवई १७९९ त डॉ. स्कॉट यांस सालीना ३,२०० रुपयांवर दिली होती. १८२९ त ती फ्रामजी कावसजी यांजकडे आली. साष्टींतील इस्टेटींची महसूलमाफी १९५१ च्या कायद्यानें संपली. त्याचें पडीक जमिनीचें कलम विशेष जाचक ठरलें: सनदेखालील जी पडीक जमीन १४ ऑगस्ट १९५१ पूर्वी लागवडीस वा उपयोगांत आणलेली नव्हती, ती सरकारजमा झाली. दिनांकाची एक कबुलायत हातीं असणें वा नसणें यावर किती अवलंबून होतें, हें वाचकांस सांगावयास नको.

घरांची कथा निराळी. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें प्रमाणित भाडें सामान्यतः १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याशीं जखडलें. भाडेकरूस स्थैर्य लाभलें. मालकाचा मात्र डागडुजींतला रस आटला व पागडी हातोहात, बेकायदा, चालू झाली. ती कायदेशीर होण्यास १९९९ चा कायदा यावा लागला. त्याचा अंमल ३१ मार्च २००० पासून आहे. दरम्यान मालकांनीं युक्ति काढली. कुळ म्हणून न ठेवतां परवानगीनें राहूं द्यावयाचें, आणि पावतींत 'भाडें' न लिहितां 'नुकसानभरपाई' लिहावयाचें! (शब्दाचा कीस काढण्यांत मोडी वाचणारे आपण कांहीं एकटेच नाहीं.) १९७३ च्या दुरुस्तीनें, १ फेब्रुवारी १९७३ रोजीं चालू करारानें ताब्यांत असलेले असे परवानाधारक भाडेकरू मानले गेले. ज्याचा करार त्या दिवशीं चालू होता त्यास संरक्षण मिळालें. महिनाभर आधीं मुदत संपून खोली सोडून गेलेल्यास नाहीं.

जुन्या चाळी पाडतांना हे कागद रद्दींत जातात. संग्राहकांनीं ते उचलावे, आणि पावतीबरोबर वाडीचें नांव व सर्वे नंबरहि टिपून ठेवावा. नुसत्या खोलीच्या क्रमांकावरून पुढें जागा ओळखतां येत नाहीं.