नागा डोंगरांतील एक विमानापघात

महायुद्धाचा इतिहास वाचताना आपण लढाया मोजतो. मालवाहू विमानांकडे आमचेही लक्ष फार उशिरा गेले. 1942 मध्ये जपान्यांनी ब्रह्मदेशाचा मार्ग तोडल्यावर चीनची रसद आसामातून डोंगरांवरून विमानांनी न्यावी लागली. त्या मार्गावर सुमारे 600 विमाने नष्ट झाली. त्यांपैकी एकाचीच हकीकत येथे देतो.

2 ऑगस्ट 1943 रोजी चाबुआहून निघालेल्या सी-46 विमानाचे डावे इंजिन बंद पडले. आत 21 माणसे होती. त्यांत वार्ताहर एरिक सेव्हराइड व मुत्सद्दी जॉन पॅटन डेव्हिस हेही होते. सामान बाहेर फेकूनही विमान खाली येतच राहिले. 20 जण हवाई छत्रीने उतरून वाचले. सहवैमानिक मात्र विमानाबरोबर गेला.

ते उतरले तो मुलूख शिरे कापून नेण्याच्या चालीमुळे कुप्रसिद्ध होता. त्या भागातील पांगशा हे गाव तर 1936 मध्ये ब्रिटिशांच्या मोहिमेने जाळले होते! गोऱ्या माणसाविषयी तेथे प्रेम असण्याचे काही कारण आम्हांस दिसत नाही. तरीही नागांनी या आगंतुकांस मारले नाही. आसरा दिला, खाऊपिऊ घातले.

जखमींसाठी लेफ्टनंट कर्नल डॉन फ्लिकिंजर हे लष्करी डॉक्टर दोन साहाय्यकांसह त्याच दिवशी आपण होऊन छत्रीने तेथे उतरले. परतीची वाट कोणती, हे उडी घेताना त्यांस ठाऊक नव्हते. पुढे मोकोकचुंगचे ब्रिटिश अधिकारी फिलिप ॲडम्स नागा सोबत्यांसह पायी येऊन पोहोचले, आणि त्यांच्याच मागोमाग ही सारी मंडळी डोंगर तुडवीत बाहेर पडली.