सायकल : नटबोल्ट व वंगण (वर्धा जिल्हा)

सायकलीचे नटबोल्ट वेळच्या वेळी कसणे व फिरत्या भागांना तेल-ग्रीस देणे. ही नोंद दांडीच्या ब्रेकच्या, २८ इंची चाकांच्या साध्या काळ्या सायकलीपुरती आहे. तिच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० तारा असतात.

परिस्थिती : जिल्ह्यातील काळी माती उन्हाळ्यात धूळ होऊन साखळीच्या तेलाला चिकटते आणि पट्ट्या-रोळ झिजवते. पावसाळ्यात तीच माती मडगार्डात भरून चाक अडवते. चिखल काढायला जोरात पाणी मारले, की हबमधले ग्रीस निघून जाते आणि छर्रे गंजतात.

कसणे : सर्वांत आधी ढिले पडते ते कॉटर, म्हणजे क्रँक आसावर पक्का धरणारी खीळ. पॅडल मारताना दर फेरीला टक् असा आवाज आला, की क्रँकपाशी हात लावून पाहावे. कॉटर हातोडीने ठोकून बसवायचे असते. नट फक्त ते निसटू नये म्हणून. नटानेच ओढून घेतल्यास आटे जातात. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. याचे श्रेय कधीकधी राइट बंधूंना दिले जाते, त्यावर एकमत नाही. हबचा कोन इतकाच कसावा, की चाक अडखळत नाही आणि बाजूला हलतही नाही. मग कोन धरून ठेवून वरचा नट आवळावा. मागचे चाक बसवताना साखळीला बोटाने अर्धा-पाऊण इंच झोल राहिला पाहिजे. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढणे हे कारागिराचेच काम.

वंगण : येथे चूक होते ती तेलाच्या निवडीत. विदर्भात जवसाचे पीक जुने, त्यामुळे घरात तेल असते. पण जवसाचे तेल हवेत सुकून घट्ट होते. रंगकामात उपयोगी पडणारा हाच गुण साखळीला मारक ठरतो. एरंडेल त्या मानाने बरे. बैलगाडीच्या आसाला ते चालत आले आहे. गाड्यांचे जळके ऑइल फुकट मिळते, मात्र त्यात काजळी व धातूचा कीस असतो. साखळी रॉकेलने धुऊन, कोरडी करून दर रोळावर एकेक थेंब पातळ यंत्रतेल द्यावे व वरचे पुसून टाकावे. कोनांत ग्रीस. रिमला तेल लागल्यास ब्रेक लागत नाही.

लेखी आधार : वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ पासून अखिल भारत ग्रामोद्योग संघाने तेलावर पुष्कळ काम केले, परंतु ते सुधारित घाणी व रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप यांवर, यंत्रांच्या वंगणावर नव्हे. यंत्राच्या देखभालीविषयी स्पष्ट भाषा आढळते ती अखिल भारत चरखा संघाच्या १९२९ च्या स्पर्धेत. सुधारित चरख्यासाठी बक्षीस एक लाख रुपये. यंत्राची किंमत १५० रुपयांच्या आत हवी, वेळोवेळी देखभाल केल्यास ते किमान २० वर्षे चालावे आणि त्या देखभालीचा वार्षिक खर्च किमतीच्या ५ टक्क्यांहून अधिक नसावा, अशा अटी होत्या. म्हणजे जास्तीत जास्त साडेसात रुपये. तेलपाण्याचा खर्च यंत्राच्या गुणांत धरणारी ही अट सायकल कारखानदारांनीही वाचायला हरकत नव्हती.

दुरुस्तीची दुकाने : वर्षातून एकदा सर्व भाग खोलून धुणे, यास ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणतात.

गिअरच्या सायकली : या नोंदीबाहेर. त्यांना षट्कोनी किल्ली लागते.