तगरचं कापड आणि टायबेरियसचं लॉकेट

गेल्या विकांताला धाराशिवला मामाकडे गेलो होतो. (सवय झाली नसेल त्यांच्यासाठी: उस्मानाबाद. २०२३ पासून सरकारी कागदावरही धाराशिवच. आमची आजी आधीपासून धाराशिवच म्हणायची, त्यामुळे आमच्या घरात काही अपडेट मारावं लागलं नाही.) शुक्रवारी हापिसातून थेट बस पकडली आणि लॅपटॉप मुद्दाम पुण्यातच ठेवला. म्हटलं दोन दिवस झोपायचं, मामीच्या हातचं खायचं आणि परत यायचं. पण झोप काही झाली नाही.

मामेबहीण फॅशन डिझाइन शिकते, तिसऱ्या वर्षाला आहे. तीही सुट्टीला घरी आलेली, आणि तोंड पाडून बसलेली. असाइनमेंट होती दोन पानांची, 'माझी डिझाइन फिलॉसॉफी आणि माझे प्रेरणास्रोत'. पहिला ड्राफ्ट परत आला होता. मी वाचला. जपानी साधेपणा, पॅरिसचे दोन-तीन मोठे डिझायनर, 'कालातीत सौंदर्य', 'फॉर्म आणि फंक्शन' वगैरे वगैरे. आमच्या कंपनीच्या वेबसाईटवर 'व्हिजन' नावाचं पान आहे, तसंच सगळं. खाली लाल पेनने एकच ओळ होती, 'यात तू कुठे आहेस?'

"आता मी कुठून आले ते लिहू का?" ती म्हणाली. "दादा, आपलं गाव जगात कशासाठी फेमस आहे माहितीय ना? शेळ्यांसाठी."

उस्मानाबादी शेळी खरंच प्रसिद्ध आहे, त्यामुळे मला पटकन काही बोलता आलं नाही. त्यात मामाने आतून सूर लावला, "एवढी फी भरून शेवटी शिवणकामच शिकायचं, तर मशीन घरातच होती की." सोयाबीनचे पैसे आणि वर बँकेचं कर्ज असा फीचा हिशोब आहे, त्यामुळे त्याच्या बोलण्यात नुसती थट्टा नव्हती. पोरगी आणखीच गप्प झाली.

तेव्हा मी म्हणालो, "तुझ्या घरापासून वीसेक किलोमीटरवर एक गाव आहे. तिथलं कापड दोन हजार वर्षांपूर्वी परदेशी व्यापाऱ्यांच्या यादीत होतं. त्याबद्दल एक ओळ तरी लिहिलीस का?" क्लायंटला एस्टिमेट सांगितल्यावर तो जसा बघतो तशी ती माझ्याकडे बघायला लागली.

गाव म्हणजे तेर. आपल्याला ते गोरोबाकाकांमुळे माहीत असतं. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यावर ग्रीक भाषेत एक पुस्तक लिहिलं गेलं, 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी'. लेखकाचं नाव कुणालाच माहीत नाही, पण तो इजिप्तमध्ये राहणारा व्यापारी किंवा खलाशी असावा. पुस्तक कसलं, प्रॉडक्ट मॅन्युअलच आहे. कुठल्या बंदरात काय विकतं, काय विकत घ्यावं, वारा कधी सुटतो, चाचे कुठे भेटतात. त्यात तो सांगतो की दख्खनमध्ये दोन मोठ्या पेठा आहेत. भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणपासून आणखी दहा दिवसांवर तगर. पैठणहून अकीकाचे दगड येतात, आणि तगरहून भरपूर साधं कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि 'मॅलो'चं कापड. हे सगळं गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरापर्यंत जायचं. (रस्त्यांबद्दल दोन हजार वर्षांत फारसं वेगळं लिहावं लागणार नाही, पण ते असो.)

आता हे तगर कुठलं यावर विद्वानांची बरीच वर्षं मारामारी चालली होती. कुणी देवगिरी म्हणे, कुणी जुन्नर. १९०१ मध्ये फ्लीट नावाच्या इंग्रज अभिलेखतज्ज्ञाने अंतरं मोजून आणि नावाची झीज तपासून (तगर, तयर, तेर) सांगितलं की ते हे तेर. दिशेचा थोडा घोळ आहे, कारण पेरिप्लसवाला पैठणच्या पूर्वेला म्हणतो आणि तेर आहे आग्नेयेला. पण जीपीएसशिवाय, बहुधा ऐकीव माहितीवर लिहिणाऱ्याला एवढी सूट द्यायला हरकत नाही. पुढे शिलाहार राजे कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करत असतानाही स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. आडनाव लावावं तसं ते गाव त्यांनी शेकडो वर्षं जपलं.

'मॅलो'चं कापड म्हणजे नेमकं काय याबद्दल मतभेद आहेत. कुणी म्हणतं त्या फुलाच्या जांभळट रंगाचं, कुणी म्हणतं त्या झाडाच्या धाग्याचं. गंमत म्हणजे भेंडी, जास्वंद, अंबाडी आणि खुद्द कापूस हे सगळे त्याच कुळातले. मामी भेंडी चिरत हे ऐकत होती, तिने हातातल्या भेंडीकडे एकदा नीट बघून घेतलं. :)

रविवारी सकाळी आम्ही तिघं तेरला गेलो. मामा 'गाडी कोण चालवणार' म्हणून आला. तिथे रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. हे लामतुरे कुणी प्रोफेसर नव्हते, गावातले व्यापारी. पावसाने पांढरीची माती वाहून गेली की तेरमध्ये मणी, नाणी, मूर्ती वर यायच्या. इतर लोक त्या टाकून द्यायचे किंवा पोरांना खेळायला द्यायचे, आणि हा माणूस त्या जमवत बसायचा. आयुष्यभर जमवलेल्या हजारो वस्तूंचं पुढे संग्रहालय झालं. मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतला खरा हिरो तोच. ज्याला कुणी काम सांगितलं नाही, पगार दिला नाही, आणि तरी ज्याने बॅकअप घेऊन ठेवला असा माणूस.

तिथल्या संग्रहातली सगळ्यात गाजलेली वस्तू म्हणजे हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती. ती का गाजली, तर १९३८ मध्ये इटलीत पॉम्पेईच्या एका घरात अशाच घडणीची भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे मूर्ती त्याआधी तिथे पोचलेली होती. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तेरची मूर्ती आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला सापडलेली मूर्ती तिच्या जवळच्या नात्यातल्या वाटतात, म्हणून काही अभ्यासक म्हणतात की पॉम्पेईची बाई दख्खनची. व्हॉट्सॅपवर तर हे सिद्ध झाल्यासारखंच फिरतं. पण पॉम्पेईच्या मूर्तीवर खरोष्ठी अक्षर कोरलेलं आहे आणि खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी, त्यामुळे ती तिकडची असंही म्हणणारे आहेत. वाद मिटलेला नाही, आणि मला तो घाईने आपल्या बाजूने मिटवायचाही नाही.

बहिणीने मात्र वेगळीच गोष्ट पकडली. "दादा, कापडासाठी फेमस गाव, आणि हिच्या अंगावर कापडच नाही!"

खरं होतं. गळ्यात, दंडात, मनगटात, कमरेला, पायात नुसते दागिने. कापडाचं गाव, पण कापडाचा एक तुकडा शिल्लक नाही. आपल्या हवेत, आपल्या मातीत सुती कापड टिकत नाही. दगड, हाड आणि भाजलेली माती टिकते. म्हणजे ज्या वस्तूने गाव मोठं केलं तीच नेमकी गायब, आणि इतिहास लिहायचा तो बांगड्या आणि खापरांवरून. लॉग आहे, डेटा नाही.

यावर मी वाचलेली एक गोष्ट तिला सांगितली. इजिप्तमध्ये तांबड्या समुद्राच्या काठी बेरेनिके नावाचं बंदर होतं, भारताकडून येणारी जहाजं तिथे लागायची. तिथे १९९४ पासून उत्खनन झालं. कोरड्या वाळूमुळे तिथे कापड टिकलंय. शिडाच्या कापडाचे तुकडे आहेत, निळ्या रंगात राखण-रंगाई केलेले तुकडे आहेत (म्हणजे मेण वगैरे लावून काही भागावर रंग चढू द्यायचा नाही, बाटिकसारखं). हे भारतीय हे कशावरून ओळखलं? धाग्याच्या पिळावरून! इजिप्तमधले लोक सूत कातताना एका दिशेला पीळ देत, आपल्याकडचे उलट्या. इंग्रजी 'एस' आणि 'झेड' या अक्षरांच्या मधल्या रेघा जशा उलटसुलट तिरक्या असतात, अगदी तसं. आपला पीळ 'झेड'चा. कातणाऱ्या बाईचं नाव गेलं, गाव गेलं, पण बोटांची सवय दोन हजार वर्षं सुतात राहिली. यातला एखादा तुकडा तेरचा आहे असं कुणीच सांगू शकणार नाही, पण हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता तसा तिच्याही आला.

मग ती एकदम फॉर्मात आली. म्हणे, मिळाली थीम! 'दोन हजार वर्षांची अखंड परंपरा', तेरची मलमल पुन्हा जिवंत करायची.

इथे आमचं भांडण झालं. मी म्हणालो, अखंड कुठून आली? तेरमध्ये आज त्या मलमलीचा धागा नाही. ती ज्या देशी कापसाची असणार तो कापूससुद्धा आता तुरळक उरलाय. २००२ मध्ये बीटी आल्यानंतर जवळजवळ सगळीकडे अमेरिकन जातीचा कापूस, आणि आपल्या भागात तर सोयाबीनच. मधली शेकडो वर्षं कोरी आहेत. ती कोरी पानं टॅगलाईनने भरून साडी पाच हजारांनी महाग विकायची, ही फिलॉसॉफी नाही, मार्केटिंग आहे. ती म्हणाली, "मग काय, शेळ्याच लिहू?" आणि चिडून पुढच्या दालनात निघून गेली.

मी आणि मामा मागे राहिलो. मला त्याला एक गोष्ट सांगायचीच होती, सांगितली. नाशिकच्या पांडवलेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. उषवदात म्हणजे नहपान क्षत्रपाचा जावई, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा. त्याने भिक्षूंच्या कापडचोपडाच्या खर्चासाठी ३००० कार्षापण कायमचे ठेव म्हणून ठेवले. कुणाकडे? गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे. २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने, १००० दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीचं वर्षाचं व्याज २४०, आणि लेखात लिहिलंय की वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा. हिशोब तंतोतंत जुळतो, मी ताडून पाहिला. म्हणजे राजाचा जावई पैसे ठेवायला विणकरांकडे जात होता. विणकर ही बँक होती.

मामा जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बारा टक्के? माझं कर्ज बी तेवढ्याच्या आसपासच हाय की."

तेवढ्यात पुढच्या दालनातून हाक आली. ती एका कपाटाला नाक लावून उभी होती. आत रुपयापेक्षा जरा मोठ्या अशा मातीच्या चकत्या होत्या आणि त्यांना वर दोन कान होते. अभ्यासक त्यांना 'बुला' म्हणतात. तेरला, तेलंगणात कोंडापूरला आणि दख्खनच्या बऱ्याच जुन्या गावांत त्या सापडल्या आहेत. त्यांच्यावर रोमन नाण्यांची नक्कल असते, बऱ्याचदा टायबेरियस बादशहाच्या नाण्याची (कारकीर्द इसवी सन १४ ते ३७). साच्यात माती दाबायची, भाजायची, काहींवर वरून सोन्याचा पातळ पत्रा चढवायचा, आणि कानातून दोरा ओवून गळ्यात घालायचं.

रोमचा प्लिनी तेव्हा कुरकुरत होता की भारत दरवर्षी आमच्याकडून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. ती नाणी इथे आली, आणि ज्यांना ती परवडत नव्हती त्यांनी मातीची करून घातली.

"डुप्लिकेट!" मी म्हणालो. "म्हणजे फॅशन स्ट्रीट तेव्हाही होताच."

"डुप्लिकेट नाही दादा. नाण्याला कान नसतात. हे कान इथल्या माणसाने लावले. त्याला तो राजा कोण हे माहीत नसणार, माहीत करून घ्यायची गरजही नव्हती. त्याने खर्च करायची वस्तू घेतली आणि तिची घालायची वस्तू केली."

एवढं बोलून ती थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आज्जीची पुतळ्याची माळ."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचं सोन्याचं नाणं, डुकाट. त्यावर संत आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा राज्यप्रमुख अशी चित्रं असत, आणि त्या बाहुल्यांवरून आपल्याकडे नाव पडलं पुतळी. व्यापारातून ती इथे आली, कान लावून माळेत ओवली गेली, मग सोनारांनी तिच्या नकला केल्या, आणि कधीतरी संताच्या जागी लक्ष्मी येऊन बसली. आज ती इतकी मराठमोळी आहे की लग्नाच्या फोटोत 'पारंपरिक दागिने' म्हणून पहिली तीच दिसते. टायबेरियसची माती आणि आज्जीची माळ यांच्यात अखंड धागा आहे असं मी म्हणणार नाही, मधली पानं इथेही कोरीच आहेत. पण तीच गोष्ट आपल्या लोकांनी दोनदा, स्वतंत्रपणे केली असेल, तर मला ते अखंड परंपरेपेक्षा जास्त भारी वाटतं.

परतताना गोरोबाकाकांच्या देवळात गेलो. संतांच्या मेळ्यात कच्चं मडकं कुठलं हे ठोकून सांगायला याच कुंभाराला बसवलं होतं, आणि नामदेव कच्चे निघाले होते, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. बहीण म्हणाली, "आमच्या सरांचं लाल पेन!" मामा हसला. सकाळपासून पहिल्यांदाच.

रात्री तिने दोन पानं पुन्हा लिहिली. पॅरिस गेलं, जपान गेलं, 'कालातीत' हा शब्दही गेला. सुरुवातच अशी होती की माझ्या गावाजवळ कापडाचं एक शहर होतं आणि त्यातला एक धागाही उरलेला नाही. मग कान लावलेलं मातीचं नाणं, मग पुतळ्याची माळ, आणि शेवटी तिची स्केचेस: साध्या सुती कुर्त्याच्या गळ्याला दुहेरी कानांची पट्टी, तिच्यात जुनी बटणं, बंद पडलेली नाणी, तुटलेल्या चाव्या, जे घरात असेल ते ओवायचं. शेळीसुद्धा होती, एका कोपऱ्यात, गळ्यातल्या घंटीसकट. मला शुद्धलेखन तपासायला दिलं होतं. 'हस्तिदंत'मधली वेलांटी सोडली तर काही सापडलं नाही.

मामाने कपाटातून माळ काढून दिली, फोटो काढायला. जोखून एकेक पुतळी मोजली, आणि फोटो काढून झाल्यावर परत मोजली. सोमवारी पहाटेच्या बसने मी निघालो तेव्हा ती झोपलेली होती, आणि शिलाई मशीनवरचं कव्हर काढून ठेवलेलं होतं.