जिंकल्यानंतरचे बोलणे

सोमवारची पालखी प्रदक्षिणा पुरी करून आत गेली, आरती झाली, तीर्थप्रसाद हाती पडला, म्हणजे आमच्याकडे मंडळी लगेच घरची वाट धरीत नाहीत. अग्रशाळेच्या पायऱ्यांवर घटकाभर बैठक बसते. तेथे पाऊसपाण्याची वार्ता होते, कुळांच्या दाव्यांची होते, महाजनांच्या निवडणुकीची तर होतेच होते. आणि आदल्या दिवशी कोठे फुटबॉलचा सामना झाला असेल तर बाकीचे सर्व विषय मागे पडतात. गोमंतकात फुटबॉल हा केवळ चर्चसमोरच्या मैदानाचा खेळ आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा या पायऱ्यांवर येऊन बसावे. हरलेल्या सामन्याची चर्चा लवकर संपते, कारण पंच आंधळा होता एवढे ठरले की काम झाले. जिंकलेल्या सामन्याची चर्चा मात्र दिवे मालवेपर्यंत चालते.

१९६२ सालच्या जाकार्ता येथील विजयाची चर्चा अशीच एके सायंकाळी आमच्या कानी पडली. त्या विजयाचे शिल्पकार सय्यद अब्दुल रहीम यांच्या जीवनावर ‘मैदान’ नावाचा हिंदी चित्रपट २०२४ साली निघाला होता आणि तो पाहून आलेली तरुण मंडळी भारावून बोलत होती. जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके पडलेले होते, तरी तो पट्टी बांधून उतरला आणि अंतिम सामन्यात त्याने गोल केला. सामना जिंकला तो त्या छातीने, असा एकूण सूर होता. एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, ‘‘आमचा फ्रँकोही होता त्यात.’’ सर्वांनी अभिमानाने माना डोलावल्या. तेव्हा आम्ही सहज विचारले, की जर्नेलसिंग तर बचावातला खेळाडू; तो पुढे गेला तेव्हा त्याची मागची जागा कोणी सांभाळली? आणि फ्रँकोने त्या दिवशी नेमके काय केले? कोणाला सांगता आले नाही. खरे म्हणजे तेव्हा आम्हालाही नीट सांगता आले नसते. हा लेख त्या निरुत्तर क्षणातून निघाला आहे.

आमच्या वकिली धंद्यात ऐकीव गोष्टीला पुरावा मानीत नाहीत. जाकार्ताच्या विजयाची गोष्ट बहुतांशी ऐकीवच आहे, आणि त्याला कारण आहे. ४ सप्टेंबर १९६२ रोजी सेनायान मैदानावर भारताने दक्षिण कोरियाचा २-१ असा पराभव केला, तेव्हा भारताच्या बाजूने ओरडणारे लोक त्या अफाट गर्दीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना इंडोनेशियाने प्रवेश नाकारल्यामुळे गुरुदत्त सोंधी यांनी या स्पर्धांना आशियाई क्रीडास्पर्धा म्हणण्यावरच आक्षेप घेतला होता. सोंधी हे या स्पर्धांच्या संस्थापकांपैकी एक. त्यांच्या आक्षेपाचा राग यजमान जनतेने सगळ्या भारतीय पथकावर काढला. अंतिम सामन्याच्या आदल्याच दिवशी जमावाने जाकार्तातील भारतीय वकिलातीवर हल्ला चढविला. खेळाडूंना मैदानावर जाणेही अवघड झाले. प्रेक्षकांत भारताचा जयजयकार करणारे होते ते पाकिस्तानच्या हॉकी संघाचे खेळाडू, असे त्या संघातील मंडळी पुढे सांगत असत; ते ऐकून आजही मन भरून येते.

इकडे मायदेशी दूरचित्रवाणी तेव्हा दिल्लीतल्या प्रयोगापुरतीच होती. गोमंतक मुक्त होऊन नऊ महिनेसुद्धा झाले नव्हते. म्हणजे ज्या विजयाची चर्चा लक्षावधी लोकांनी केली, तो त्यांपैकी जवळजवळ कोणीच डोळ्यांनी पाहिला नव्हता. अशा वेळी मनात काय ठसते? जे चार शब्दांत सांगता येते ते. डोक्यावरची पट्टी चार शब्दांत सांगता येते. दोन हाफबॅकनी दीड तास कोणत्या मोकळ्या जागा बुजविल्या, हे चार शब्दांत सांगता येत नाही, आणि म्हणून ते कोणी सांगत नाही.

हे काही १९६२ सालीच घडले असे नव्हे. त्यापूर्वी अर्धशतक, २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यास मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघाला २-१ असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. पहिला गोल गोऱ्यांचा. मग कप्तान शिवदास भादुरी यांनी बरोबरी केली आणि अभिलाष घोष यांनी विजयाचा गोल केला. मैदानाच्या जवळ ज्यांना पोचता आले नाही त्यांना पतंग उडवून धावसंख्येसारखी गोलसंख्या कळविली जात होती, इतकी लोटालोट होती. वंगभंगाच्या चळवळीने तापलेल्या त्या प्रांतात या विजयाचा अर्थ सर्वांनी एकच लावला: अनवाणी बंगाल्याने बूट घातलेल्या साहेबाला धूळ चारली. अर्थ खोटा नव्हता. पण तो पुरताही नव्हता. शिवदास आणि त्यांचे बंधू विजयदास यांचे डाव्या बगलेवरचे एकमेकांशी जुळलेले खेळणे, आघाडीचा वेग, एकाच संघाने एकत्र घालविलेले दिवस, हे सर्व त्या एका अनवाणी शब्दाखाली झाकले गेले. त्या अकरा जणांत सुधीर चॅटर्जी हे पायांत बूट घालून खेळले होते, हे तर पुष्कळांना ठाऊकही नसते.

या अर्धवट अर्थाची किंमत पुढे चाळीस वर्षे मोजावी लागली, असे आमचे मत आहे. अनवाणी पाय ही अडचण होती. विजयाने तिला व्रताचे रूप दिले. वस्तुतः उलट पुरावा डोळ्यांसमोर होता. १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे कलकत्त्याची लीग मोहमेडन स्पोर्टिंगने जिंकली, आणि त्यांचे खेळाडू ओल्या मैदानावर बूट वापरीत. तरीही १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणीच उतरले आणि फ्रान्सकडून १-२ असे हरले. दोन पेनल्टी वाया गेल्या. त्या पराभवाचेही कौतुकच झाले. शेवटी १९५२ साली हेलसिंकीच्या गारठ्यात युगोस्लाव्हियाने आपल्यावर दहा गोल केले, तेव्हा कोठे व्रताचे उद्यापन झाले आणि बूट सक्तीचे झाले.

हेलसिंकीला संघाचे शिक्षक रहीमच होते. हैदराबादचा हा मनुष्य पेशाने शाळामास्तर. हैदराबाद सिटी पोलीस संघ त्यांच्या हाताखाली तयार झाला आणि त्याने मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० पासून १९५४ पर्यंत ओळीने पाच वेळा नेला. कूपरेजच्या मैदानावर ते सामने पाहिलेल्या मराठी वडीलधाऱ्यांनी त्या संघाच्या आठवणी आम्हाला सांगितलेल्या आहेत. १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत मेवालालच्या गोलाने इराणला हरवून सुवर्णपदक मिळविले तेही रहीम यांच्याच शिक्षणाखाली. असा विजेता मनुष्य पुढच्याच वर्षी दहा गोल खाऊन परततो. दुसरा एखादा थंडीला दोष देऊन मोकळा झाला असता. रहीम शिकू लागले.

तो काळच फुटबॉलच्या मांडणीत उलथापालथ होण्याचा होता. १९५३ च्या नोव्हेंबरात हंगेरीने वेंब्लीवर इंग्लंडला ६-३ असे हरविले. हंगेरीचा सेंटर फॉरवर्ड हिदेगकुटी हा पुढे न राहता मागे सरकून खेळला आणि त्याला पकडायला कोणी जावे हेच इंग्रज बचावाला उमगले नाही. पुढे १९५८ साली ब्राझीलने चार बचावात, दोन मध्ये आणि चार आघाडीवर अशी मांडणी करून विश्वचषक जिंकला. या दोन घटनांच्या मधोमध, १ डिसेंबर १९५६ रोजी, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये रहीम यांच्या संघाने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरविले. त्यांतले तीन गोल गोमंतकीय वंशाच्या नेव्हिल डिसोझा यांचे. भारत तेव्हा चौथा आला.

येथे आमच्या पायऱ्यांवरचे एक आवडते विधान तपासून घ्यावेसे वाटते. ते असे, की ४-२-४ ची मांडणी रहीम यांनी ब्राझीलच्या आधीच मेलबर्नला वापरली, म्हणजे ब्राझील आपल्याकडून शिकले. विधान गोड आहे, परंतु आम्ही ते मान्य करीत नाही. ही कल्पना हंगेरीच्या मातीत रुजली होती आणि १९५७ साली साव पावलो क्लबला शिकविणारे बेला गुटमन हे हंगेरियनच होते. ब्राझीलला हैदराबादेस येण्याचे कारण नव्हते. रहीम यांचे मोठेपण याहून वेगळे आणि आमच्या मते अधिक आहे. जगात जे बदलत होते ते त्यांनी तुटपुंज्या साधनांनी जवळजवळ त्याच वेळी ओळखले आणि दोन बॅकच्या जुन्या सवयीत वाढलेल्या खेळाडूंच्या अंगी बाणविले. डाव्या पायाने न खेळणाऱ्याला डाव्या पायाने खेळावयास लावावे, चेंडू घोळवीत बसणाऱ्याला एका स्पर्शात पास द्यावयास लावावे, असली त्यांची मास्तरकी होती.

आता जाकार्ता. पहिलाच सामना भारत दक्षिण कोरियाकडून ०-२ असा हरला. मग थायलंडला ४-१ हरविले, पण त्या सामन्यात जर्नेलसिंगचे डोके फुटले. जपानवर २-० असा विजय मिळाला आणि उपांत्य फेरीत दक्षिण व्हिएतनाम समोर उभे राहिले. आशियातला सर्वोत्तम स्टॉपर टाके पडून बसलेला, अशी स्थिती. रहीम यांनी त्याला सेंटर फॉरवर्ड केले. यात केवळ छाती पाहणाऱ्यांनी क्षणभर थांबावे. स्टॉपरला चेंडू निवडता येत नाही. जो उंच चेंडू गोलासमोर येईल तो डोक्याने परतवावाच लागतो, जखम असो वा नसो. फॉरवर्डला निवड असते. जर्नेलसिंग पूर्वी कॉलेजात आघाडीला खेळलेले होते, हे मास्तर विसरले नव्हते. म्हणजे जखमी माणसाचे बळ वापरावयाचे आणि त्याच्या जखमेवरचा भार कमी करावयाचा, असा तो दुहेरी विचार दिसतो. व्हिएतनामविरुद्ध दोन गोलांची आघाडी बरोबरीत गेली, पण चुनी गोस्वामींनी पुन्हा गोल करून ३-२ असा सामना जिंकून दिला.

अंतिम सामन्यात गोलरक्षक बदलला. आजारातून उठलेले उंचेपुरे पीटर थंगराज गोलात उभे राहिले. कोरियन संघाच्या उंच चेंडूंना ते उत्तर होते. सतराव्या मिनिटास प्रदीपकुमार बॅनर्जी यांनी आणि विसाव्या मिनिटास जर्नेलसिंग यांनी गोल केला. नंतर एक तासाहून अधिक काळ ती आघाडी राखावयाची होती, आणि कोरियाला एकच गोल मिळाला, तोही अखेरीस. चर्चा त्या तीन मिनिटांची होते. आमचे कुतूहल पुढच्या तासाविषयी आहे.

त्या दिवशीच्या खेळाडूंची नावे कागदावर मांडून पाहावीत. जर्नेलसिंग पुढे गेल्यावर मागे उरतात ते चंद्रशेखर, त्रिलोकसिंग आणि अरुण घोष. हे तिघे. लोक ज्या मांडणीला ४-२-४ म्हणतात तिच्यातला चौथा कोठे आहे? तो मधल्या फळीतूनच मागे यावा लागतो, आणि चेंडू आपल्याकडे आला की परत पुढेही जावा लागतो. म्हणजे दोन हाफबॅकना त्या तासात किती धाव घ्यावी लागली असेल ते ज्याने कधी आषाढाच्या चिखलात हाफबॅक म्हणून खेळून पाहिले असेल त्यालाच कळेल. अरुण घोष यांनी बचावाचा मध्य सांभाळला याचे श्रेय जाणकार देतात. हाफबॅकच्या धावांचे श्रेय जाणकारही विसरतात.

त्या दोन हाफबॅकपैकी एक म्हणजे बार्देशातील कोलवाळचे फोर्तुनातो फ्रँको. ‘आमचा फ्रँको’ तो हाच. मुंबईत वाढलेला, मुंबईच्या संघांतून नाव मिळविलेला आणि पुढे वासुदेव साळगावकरांनी उभारलेल्या वास्कोच्या साळगावकर संघातून खेळलेला. आमच्याच एका मंदिरभक्त घराण्याने उभा केलेला क्लब आणि कोलवाळचा हा ख्रिस्ती खेळाडू यांचे जे सख्य जमले, ते गोव्यातल्या फुटबॉलच्या पुढच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते. फ्रँको १० मे २०२१ रोजी निवर्तले. महामारीचे दिवस होते; अंत्ययात्रेला गर्दी होणे शक्यच नव्हते. त्या आठवड्यात जे मृत्युलेख आम्ही वाचले त्यांत सुवर्णपदकाचा उल्लेख सगळीकडे होता. ते कसे खेळत याविषयी फार थोडे होते.

रहीम यांना त्या विजयानंतर फार दिवस मिळाले नाहीत. कर्करोगाने ११ जून १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. जाकार्ताहून परतल्याला पुरते वर्षही झाले नव्हते. त्यांनी घडविलेल्या खेळाडूंवर गाडी काही काळ चालली. १९६४ साली आशियाई चषकात भारत दुसरा आला, १९७० साली बँकॉकला कांस्यपदक मिळाले. त्यानंतर आशियाई क्रीडास्पर्धांत फुटबॉलचे पदक आपल्याला मिळालेले नाही. मास्तरांच्या मागे जे गुण सांगितले गेले ते शिस्त, देशप्रेम आणि जिद्द हे. ते त्यांच्या अंगी होतेच. परंतु जिद्द हेलसिंकीलाही होती, आणि तेथे दहा गोल झाले होते.

त्या सायंकाळी पायऱ्यांवर पुढे काय झाले ते सांगावयाचे राहिले. आमच्या प्रश्नाने मंडळी थोडी खट्टू झाली हे खरे. मग त्या वृद्ध गृहस्थांनी पानाच्या तबकातून सुपाऱ्या काढून पायरीवर मांडल्या: मागे तीन, मध्ये दोन, पुढे पाच. पुढचा एक उचलून मागे ठेवला, पुन्हा पुढे नेला. मधल्या दोहोंतला एक बोटाने खाली ओढून म्हणाले, ‘‘हो फ्रँको.’’ शेजारच्या मुलाने विचारले, ‘‘आणि तो मागे आल्यावर मध्ये कोण?’’ पुजाऱ्यांनी दार ओढून घेतले होते तरी त्या सुपाऱ्या बराच वेळ हालत होत्या.